मकासापाचे जेवण

मुलांनो, घरात साप पाळतात, हे तुम्हांला खरे वाटेल का? अमेरिकेत पुष्कळ लोक मकासाप पाळतात. हा त्या देशाच्या आग्नेय भागातील बिनविषारी साप आहे. उंदीर हे त्याचे आवडते खाणे.

जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करू शकतो. म्हणून मेलेला, गोठवलेला उंदीर विकत आणतात. तो गरम पाण्यात ठेवून आतपर्यंत मऊ व उबदार करतात. उंदीर सापाच्या अंगापेक्षा फार जाड नसावा.

साप जिभेच्या मदतीने वास घेतो. आपल्या हाताला उंदराचा वास असेल, तर त्याला हातच खाणे वाटते आणि तो चावतो. यात सापाचा राग नसतो, चूक आपली असते. म्हणून सापाला उचलण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. उंदीर हाताने न देता लांब चिमट्याने द्यावा.

जेवणानंतर दोन दिवस सापाला उचलू नये. उचलल्यास तो खाल्लेले ओकून टाकतो. मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांतून एकच जेवण पुरते. सापाच्या अंगावर रोगजंतू असू शकतात, म्हणून त्याला हाताळल्यावर पुन्हा हात धुवावेत.

आपल्याकडची धामणही बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिला पकडता किंवा पाळता येत नाही. ती शेतातच राहून धान्य वाचवते. तिला तेथेच सुखाने राहू द्या.