हवा खाणारा गीझर

पहाटे साडेपाचच्या सुमारास कोपर स्टेशनच्या आसपासच्या कुठल्याही गल्लीत उभे राहा. लोकलच्या भोंग्याआधी एक वेगळाच आवाज कानी येतो. टक्-टक्-टक्, आणि मग भस्स! कुणाच्या तरी न्हाणीघरात गॅस गीझर पेटलेला असतो. घरात माणसे पाच, न्हाणीघर एक आणि प्रत्येकाची गाडी ठरलेली. अशा संसारात अडीच-तीन मिनिटांत बादली भरून देणारे यंत्र लाडके झाले, यात नवल ते काय! २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत विजेचे गीझर भिंतीला नुसतेच टांगलेले राहत, तेव्हा आमच्या भागात गॅसच्या गीझरने पाय रोवले. पुढे भारनियमन सरले, गीझर राहिला.

त्याच्याही आधी तांब्याचा बंब होता. करवंट्या, ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे असे त्याचे खाद्य. बंब धुमसू लागला की घरातली वडीलधारी माणसे खोकत उठत आणि दार सताड उघडत. धुरापायी बंबाने शिव्या खाल्ल्या. पण घरात विस्तव आहे, ही वर्दी तोच धूर देत असे. नव्या यंत्राने धूर घालवला, विस्तव मात्र तसाच ठेवला. धुराबरोबर आपण विस्तवालाही विसरलो, ही खरी गोम आहे.

कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे निवृत्तीनंतर इमारतीत मला एक बिनपगारी काम लागले आहे. ‘काका, गीझर पेटत नाही, जरा बघता का?’ अशी हाक थंडीत आठवड्याला एकदा तरी येते. बहुतेक वेळा दुखणे किरकोळ निघते. या यंत्राची रचना मुळात सोपी आहे. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा ढकलला जातो, तो एक बारीक स्विच दाबतो. मग दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडू लागते, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योतीजवळची एक सळई ज्योत आहे की नाही यावर पहारा ठेवते. ज्योत विझली, तर काही क्षणांत गॅस बंद होतो.

तेव्हा शोधही याच क्रमाने घ्यावा. टक्-टक् अजिबात नाही, तर आधी सेल बदलावेत आणि त्यांच्या टोकांवरचा गंज पुसावा. तरीही आवाज नाही, तर पाण्याचा दाब पाहावा. वरच्या मजल्यावर टाकी गीझरच्या डोक्यावर जेमतेम हातभर उंच असते. तेवढ्या दाबाने पडदा हलतच नाही. खालच्या मजल्यावर हेच घडले, तर पाणी आत शिरते तिथली बारीक जाळी काढून धुवावी. टाकी साफ केल्यानंतर तिच्यात हमखास गाळ सापडतो. ठिणगी पडते पण पेट घेत नाही, तर सिलिंडर संपत आला आहे का, रेग्युलेटर नीट बसला आहे का ते पाहावे. बोअरवेलचे जड पाणी असेल, तर तांब्याच्या नळ्यांत क्षार साठून पाणी कमी-कमी गरम होत जाते. ते काम जाणत्या मेकॅनिकचे. सिलिंडर जाऊन घरात पाइपचा गॅस आला, तर जुना गीझर तसाच जोडू नये. दोन्ही गॅस वेगळे, त्यांचे दाब वेगळे आणि म्हणून बर्नरची नोझलेही वेगळी. पाइपच्या गॅसचे नोझल सिलिंडरवर चालवले, तर ज्योत पिवळी, काजळी धरणारी होते.

ही झाली दिसणारी दुखणी. यांत गीझर पेटत नाही, फार तर गार पाण्याने अंघोळ होते. जीव जातो तो गीझर उत्तम पेटत असताना. पहारा ठेवणारी सळई ज्योत आहे एवढेच पाहते. ती ज्योत काय खाते आणि काय ओकते, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

थोडा हिशेब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे, तर शेगडीचे पाच मोठे बर्नर एकदम पेटवण्याइतकी उष्णता लागते. त्यासाठी मिनिटाला सुमारे सोळा ग्रॅम गॅस जळतो आणि तो पुरता जळायला दोनशे लिटर हवा लागते. आपल्याकडचे न्हाणीघर चार बाय सहा फुटांचे, उंची नऊ फूट. त्यात हवा मावते सहा हजार लिटर. दहा मिनिटांत गीझर त्यातल्या दोन हजार लिटर हवेतला प्राणवायू फस्त करतो. दार-खिडकी बंद असेल, तर त्याच्या खूप आधी ज्योत उपाशी पडते आणि अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. माणूस खोकत नाही, घुसमटत नाही. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. कडीपर्यंत हात पोहोचत नाही.

२०२३च्या होळीत रंग खेळून आलेले एक जोडपे घाटकोपरला न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले. पहिला संशय गीझरच्या वायूवर गेला. त्याच होळीत गाझियाबादजवळच्या मुरादनगरलाही तसेच झाले. न्हाणीघरात फीट येऊन पडलेल्या आणि अपस्माराचे समजून आणलेल्या रुग्णांची नोंदही आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केली आहे. त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावही पडले. गोष्ट जुनीच आहे. लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ साली पाणी तापवणारे गॅसचे यंत्र काढले आणि आइसलंडमधल्या उष्ण कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ म्हटले. त्या पहिल्या यंत्राला जळका वायू बाहेर नेणारे धुराडेच नव्हते.

आमच्या इमारतीतल्या एका सूनबाईंना अंघोळीनंतर डोकेदुखी आणि मळमळ होई. घरातल्यांनी पित्त ठरवले, उपाशीपोटी अंघोळ नको म्हणून सांगितले. एका थंडीत त्या आतच चक्कर येऊन पडल्या. सासूबाईंनी दार ढकलले, कडी सैल होती म्हणून निभावले. मी जाऊन पाहिले तर गीझर नवा, ज्योत निळी. पण तो आतल्या भिंतीवर आणि वरच्या झरोक्याला डासांसाठी पुठ्ठा ठोकलेला. बसवणारा म्हणाला होता, ‘ताई, आत लावला तर पाइप वाचतो.’ गीझर मोकळ्या गॅलरीत हलवला, गरम पाण्याचा पाइप आत नेला. सूनबाईंचे पित्त त्या दिवसापासून गेले!

म्हणून माझे सांगणे एवढेच. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी लावावा. आज ते जमत नसेल, तर तोवर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा आणि मग अंघोळीला बसावे. झरोका कधीही बुजवू नये. ज्योत पिवळी दिसली की वापर थांबवावा, वर्षातून एकदा बर्नर साफ करून घ्यावा. कुणी आत पडलेच, तर दारे उघडून, गॅस बंद करून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि तडक इस्पितळात न्यावे. कोविडनंतर घरोघर आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे दगा देते. रक्तात विष असतानाही ते आकडा चांगला दाखवू शकते. डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे ते ‘गॅस गीझर चालू होता’ हेच. शुद्ध प्राणवायू दिला, तर हा वायू रक्तातून कितीतरी लवकर निघतो. पण त्यासाठी डॉक्टरांना रोगाचे नाव आधी कळायला हवे.