सांदवाडीतल्या सावलीत काय लावावे?

एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. सांदवाडीतला एक कोपरा सावलीचा आहे, तिथे वांगी लावली तर नुसती उंच वाढतात, मिरचीला फळ धरत नाही, मग लावावे तरी काय? बहुतेक घरी हा कोपरा न्हाणीमागे असतो. सरपण तिथेच, भांड्यांचे पाणीही तिथेच. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत असा कोपरा म्हणजे डासाची, सापाची आणि कधी कधी बिबट्याचीही जागा. त्यामुळे काय येईल एवढेच पाहून चालत नाही. ते कुठे आणि किती दाट वाढेल, हेही पाहावे लागते.

आधी सावली ओळखा. आंब्याखाली चाळणीतून पडल्यासारखे ऊन येते, ती सावली चांगली. भिंतीमागची सावली मात्र फसवते. घराच्या उत्तरेला हिवाळाभर ऊन येत नाही, म्हणून आपण तिथे कायम सावली आहे असे समजतो. पण मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आधी सिरोंच्याला, मग अहेरीला, मग २०-२१ मेच्या सुमारास चंद्रपूर-गडचिरोलीला. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावलीच दिसत नाही. तिथून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे पारा ४५ च्या वर जातो, नेमके तेव्हाच त्या कोपऱ्यात ऊन उतरते. आमच्यातल्या दोघींचा पुदिना असाच एका आठवड्यात करपला. आता आम्ही पुदिना आणि पानओवा फुटक्या घमेल्यात लावतो आणि उन्हाळ्यात उचलून आंब्याखाली नेतो.

सोपा हिशोब असा: ज्याचे फळ खायचे त्याला ऊन द्या, ज्याचे पान किंवा कंद खायचा ते सावलीत चालते. म्हणून वांगी, टमाटर, भेंडी उन्हातच राहू द्या.

सावलीसाठी आमची पहिली पसंती हळदीला. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे पीक आपल्या भागाला परके नाही. आंब्याखालच्या विरळ सावलीत ती छान येते. मृगाचा पाऊस पडला की डोळे फुटलेले बेणे हात-हात अंतरावर लावा, वर पालापाचोळा पसरा. माती उंच करून लावा, पाणी साचले की कंद सडतो. पाने पिवळी पडून वाळली, म्हणजे साधारण आठ-नऊ महिन्यांनी, ती काढायला येते. आलेही असेच लावतात. सुरणही सावलीत होतो, पण जंगलाला लागून घर असेल तर आम्ही तो सांगणार नाही. कंदाच्या वासाने रानडुकरे येतात आणि सगळे उकरून टाकतात. हळदीच्या वाटेला ती सहसा जात नाहीत.

आता धोपा, म्हणजे अळू. न्हाणीच्या पाण्यावर तो फोफावतो, म्हणून घरोघरी तिथेच असतो. इथेच आमची चूक झाली होती. पाणी मोकळे सोडले, डबके झाले, वर धोप्याची छत्री, आणि खाली काय चालले आहे ते दिसेना. हत्तीपायाचा डास अशाच घाण पाण्यात वाढतो आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हत्तीपायाचे रोगी आहेत. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, तेव्हा उघडी टाकी, टायर, करवंटी हेही बघा. अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळे कोरडे करायचे. न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा करा: तीन-चार फूट खोल, खाली मोठे दगड, वर लहान, वरून झाकण. धोपा त्याच्या काठाने एकाच ओळीत लावा. पाणी जमिनीत मुरते आणि ओल धोप्याला मिळते. घसा खाजवतो तो पानातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे, म्हणून पान चांगले शिजवा आणि चिंच घाला.

अडुळसाही सावलीत तग धरतो आणि बकरी त्याला तोंड लावत नाही, ही त्याची मोठी सोय. पण मोकळा सोडला तर माणसाहून उंच झुडूप होते. कमरेच्या वर जाऊ देऊ नका. खोकल्यासाठी त्याचा काढा करतात, पण गरोदर बाईला तो देऊ नये.

आणि आता लावणीची जागा. धोपा किंवा हळद भादव्यात मांडीपर्यंत येते, खालची जमीन दिसत नाही. पहाटे अंधारात जायची वाट जिथून जाते, तिथून ती चार हात लांब ठेवा. आमच्या एका मैत्रिणीला धोप्याच्या बुडाशी मण्यार दिसली, ती केवळ हातात बॅटरी होती म्हणून. वाटेच्या कडेला पुदिना, पानओवा असे बुटकेच लावा. सरपणाचा ढीग भिंतीला टेकवून नको, झाडोऱ्याला लागून तर नकोच. कोंबड्यांचा खुराडा आणि बकऱ्यांचा गोठा या कोपऱ्यापासून दूर असावा, कारण बिबट्या येतो तो कुत्र्यासाठी नाहीतर बकरीसाठी, आणि दबा धरायला त्याला कमरेएवढी झाडीही पुरते. दाराच्या बाजूची झाडी साफ ठेवली की उजेड पडतो तिथपर्यंत नजर जाते.

हळदीचे बेणे शेजारणीकडे नसेल तर सिंदेवाही किंवा गडचिरोलीजवळच्या सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात मे महिन्यातच चौकशी करा. मृगाच्या तोंडावर गेलात तर बेणे संपलेले असते.