डेंग्यूचा डास शाळेच्या वेळेतच येतो

जूनमध्ये शाळा उघडली की आपण वर्ग झाडतो, फळे पुसतो. पाण्याच्या पिंपाची आतली बाजू मात्र क्वचितच कोणी घासतं. डेंग्यूची सुरुवात तिथूनच होते.

एडिस इजिप्ती हा डास गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर कडेला अंडी चिकटवते. पिंप रिकामं केलं तरी ती तिथंच राहतात. कोरड्यात कित्येक महिने टिकतात, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीला पुरून उरतात! पुन्हा पाणी चढलं की अळ्या बाहेर. म्हणून 'कोरड्या दिवशी' नुसतं पाणी ओतून चालत नाही, काथ्यानं घासायला हवं. आणि दर आठवड्याला, कारण अंड्यातून बाहेर पडून डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात.

कोल्हापूरकरांनी 2019 आणि 2021 चा महापूर आठवावा. पंचगंगा दारात आणि नळ कोरडे! टँकर आला की बादली, पातेलं, हंडा, सगळं भरून ठेवायचं. अशा साठवणीला नावं कशाला ठेवायची? भांड्यावर फडकं घट्ट बांधा, एवढंच सांगूया.

डास आजारी माणसाला चावला की विषाणू त्याच्या अंगात वाढतो. साधारण 8 ते 12 दिवसांनी तो डास दुसऱ्याला आजार देऊ लागतो, ते मरेपर्यंत. या विषाणूची सगळी कुंडली आरएनएच्या एकाच धाग्यात असते. त्याचे 4 प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू झाला, तर कायमचं संरक्षण त्याच प्रकारापासून मिळतं. पुढं दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. 'आमच्या पोराला गेल्या वर्षी झालाय, आता काय होत न्हाई' असं पालकसभेत कोणी म्हणालं, तर तिथल्या तिथं खोडून काढा.

ताप उतरला की आपण मुलाला शाळेत पाठवतो. डेंग्यूत नेमके तेच 1-2 दिवस जोखमीचे. पोटात खूप दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानं देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचा गणवेश चालवून घ्या. आणि परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांच्या हातात बॅटरी देऊन पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या दाखवा. वळवळणाऱ्या अळ्या त्यांना आपल्याआधी सापडतात.