जुन्या गाडीची भोके : कोणती बुजवावीत, कोणती नाहीत?

फियाट-पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, अ‍ॅम्बॅसेडरही 2014 साली थांबली. तरी या गाड्या जपणारे शौकीन आहेत आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिरांना त्यांचे काम मिळते. अशी गाडी आली की गिऱ्हाईक सांगते, "खालची भोके बुजवून टाका, धूळ आत येते." सोलापुरात पाऊस तो किती, असे म्हणून कारागीरही एम-सील दाबून मोकळा होतो. आमच्या मते चूक इथेच होते.

भोके दोन प्रकारची असतात. पहिली दरवाजाच्या खालच्या कडेला आणि दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत. काचेच्या फटीतून पावसाचे व धुण्याचे पाणी दरवाजाच्या पोटात उतरतेच. त्याची वाट बंद केली की ते साचते आणि पत्रा आतून गंजतो. वर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. ही भोके कधीही बुजवू नयेत.

दुसरी, पायाखालच्या पत्र्यातली मोठी गोल भोके. त्यांना कंपनीचे रबरी बूच असते. ते जागेवर हवेच, नाहीतर चाकाचा चिखल गालिच्याखाली जातो. मात्र तिथे लांबी किंवा वेल्डिंग नको. गाडीत पाणी शिरले तर बूच काढून ते सोडता आले पाहिजे.

या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. खालची पट्टी कुजली तर गाडी कमजोर होते. म्हणजे प्रश्न नुसत्या रंगाचा नाही, आत बसणाऱ्यांच्या जिवाचा आहे.

आपल्याकडे पाऊस कमी हे खरे, पण काळ्या मातीची धूळ आत बसते आणि पाणी लागताच तिचा चिकट चिखल होऊन भोके आपोआप बंद होतात. म्हणून पावसाळ्याआधी खराट्याच्या काडीने ती मोकळी करावीत. टोकदार लोखंड वापरू नये, रंग खरवडतो. मग काच खाली घेऊन फटीत तांब्याभर पाणी ओतावे. खालून धार आली तर वाट मोकळी आहे. खालून कोटिंग मारताना भोकात काडी घालून ठेवावी व नंतर आठवणीने काढावी.

गिऱ्हाईक हट्ट धरील तर त्याला हे सारे नीट समजावून सांगावे. आज बुजवलेल्या भोकाचा दोष उद्या कारागिराच्याच नावावर लागतो, आणि आपल्या धंद्यात नाव हेच भांडवल आहे.