तूर-हरभऱ्याला भुंगा लागू नये म्हणून

अकोला-अमरावतीकडे अजूनही वर्षाचं कडधान्य भरून ठेवतात, आणि पावसाळा लागला की हरभऱ्याला भोकं दिसायला लागतात. हा भुंगा बहुतेकदा शेतातूनच घरी येतो! मादी पक्व शेंगांवर अंडी घालते, पुढे साठवणीत थेट दाण्यांवर. मूठभर दाणे तळहातावर घेऊन उजेडात पाहा: सालीला चिकटलेला, खसखशीहून बारीक पांढरा ठिपका म्हणजे अंडं. अळी तिथूनच आत शिरते आणि उबदार हवेत साधारण महिनाभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो.

पहिलं औषध म्हणजे आपलं एप्रिल-मेचं ऊन, तेही फुकट. काळ्या प्लास्टिकवर पातळ थर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक झाका, कडा दगडांनी दाबा. आत इतकं तापतं की अंडी-अळ्या मरतात. दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर आत ओल धरते.

मग किलोमागे ५ ते १० मिलि खाद्यतेल चोळा, अंडी गुदमरतात. घट्ट झाकणाचा ड्रम काठोकाठ भरा, म्हणजे उरलीसुरली कीड आतला ऑक्सिजन संपवून स्वतःच मरते. जुनी पेवं याच तत्त्वावर चालायची. जमलं तर तुरीची डाळच करून ठेवा, डाळीला हा भुंगा क्वचितच लागतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला जरूर घाला, पण एकट्या पाल्यावर विसंबू नका.

आणि हात जोडून सांगतो, ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरातल्या धान्यात टाकू नका. त्यातून सुटणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत माणसांचा जीव घेतो.