धाप एक, कारणे अनेक

डिसेंबरची थंडी पडू लागली, की भोपाळमधील कितीतरी घरांत वडीलधाऱ्या मंडळींची धाप वाढते. ‘दमाच तो, जन्माचा सोबती,’ असे म्हणून घरचे लोक गप्प बसतात. परंतु दमा हे एका रोगाचे नव्हे, अनेक विकारांचे नाव आहे, असे वैद्यकशास्त्र आज सांगते. आणि नवी औषधे नेमक्या याच भेदावर उभी आहेत.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते. बहुतेक रोग्यांची ही सूज स्टेरॉइडचा फवारा रोज नियमाने ओढल्यास आटोक्यात राहते. थोड्यांना मात्र त्याने पुरेसा उतार पडत नाही. त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, तर काहींना ॲलर्जीच्या प्रतिपिंडांचा उपद्रव असतो. २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ओमालिझुमॅब हे इंजेक्शन त्या प्रतिपिंडांनाच बांधून टाकते. २०१५ साली मान्य झालेले मेपोलिझुमॅब इओसिनोफिल पेशींना पोसणारा संदेश अडवते. सुजेच्या साखळीतील एकच दुवा तोडणारी ही औषधे होत. योग्य रोग्याचे झटके त्यांनी कमी होतात आणि स्टेरॉइडच्या गोळ्याही पुष्कळदा कमी करता येतात.

‘योग्य रोगी’ हे शब्द महत्त्वाचे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथिल आयसोसायनेट वायूने ज्यांची फुप्फुसे होरपळली, त्यांच्यापैकी अनेकांच्या बारीक श्वासनलिका व्रण राहून कायमच्या अरुंद झाल्या. धाप तीच, खोकलाही तोच; पण सूज उतरते, व्रण उतरत नाही. अशा रोग्याला ही महागडी इंजेक्शने दिली, तर पैसाही जाईल आणि आशाही. उलट, ज्याची धाप केवळ ‘गॅसची’ म्हणून सोडून दिली गेली, त्याला उपचारास दाद देणारा दमाही असू शकतो.

म्हणून आधी फवारा नीट ओढला जातो की नाही हे पाहावे; पुष्कळदा दोष औषधाचा नसून ओढण्याच्या पद्धतीचा निघतो. मग स्पायरोमेट्री आणि रक्तातील इओसिनोफिलची मोजणी करून घ्यावी. इंजेक्शन सुरू झाले, तरी फवारा आपल्या मनाने बंद करू नये. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा तरी छातीच्या तज्ज्ञांकडे न्यावे. धाप कोणती हे कळल्यावाचून तिला जन्माची सोबतीण ठरवू नये.