प्रोस्टेटच्या उपचारानंतरचे दिवस

प्रोस्टेटच्या म्हणजे पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगाबद्दल आमच्या सणसर भागातली माणसं आता बोलू लागली आहेत. ऑपरेशन कुठं झालं, खर्च किती आला, पीएसए किती उतरला, हे पारावर बसून सांगतात. त्यापुढचं मात्र कुणी सांगत नाही. लघवी गळते, भरथंडीत अंगातून वाफा निघतात, पत्नीजवळ जावंसं वाटत नाही. मी या तिन्हींतून गेलो आहे, म्हणून आज तेवढंच बोलणार आहे.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. ती काढली की लघवी रोखण्याचा बहुतेक भार खालच्या एका स्नायूवर येतो. मग खोकला आला, उसाची मोळी उचलली, रात्री दारं धरायला वाकलं, की कपडा ओला. बहुतेकांची गळती काही महिन्यांत, वर्षभरात पुष्कळ कमी होते. त्याला व्यायामाची मदत होते. वारा सरताना तो अडवायला जे स्नायू आपण आवळतो तेच आवळायचे, पाच-सात आकडे मोजायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी मांडला. आता तो आम्हा म्हाताऱ्यांच्याही उपयोगी पडतो!

आपल्याकडचा आवडता उपाय मात्र पाणी तोडण्याचा. त्यानं लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं आणि घाई उलट वाढते. आषाढात तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी मी बेलवाडीच्या रिंगणापर्यंत चालत जातो. पडशीत दोन पॅड आणि एक जादा धोतर असतं. पाणी नेहमीसारखंच पितो.

इंजेक्शनांची गोष्ट वेगळी. पुरुष-संप्रेरक कमी केलं की हा कर्करोग मागे हटतो, हे शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्याबद्दल १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज हेच काम महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनानं होतं, नाहीतर अंडकोष काढून. संप्रेरक गेलं की शरीर जे करतं ते माझ्या घरी आधी हिनंच ओळखलं. मी रात्री घामानं भिजून उठलो तर म्हणाली, "अहो, पाळी जाताना मला हेच व्हायचं." सुती कपडे, उशाशी ओला पंचा आणि रात्रीचा चहा बंद, हे सगळं तिचंच शिक्षण.

घाम दिसतो तरी. हाडांची झीज दिसत नाही. पाय घसरून खुबा मोडला की कळते. इंजेक्शनं लांबणार असतील तर हाडांच्या घनतेची तपासणी करायला हवी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारायला हवं. कालव्याच्या कडेनं फिरणं चांगलं, पण नुसत्या फिरण्यानं दंड-मांड्यांचं मांस टिकत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं मला जास्त मानवलं.

राहिला शेजेचा प्रश्न. ग्रंथीला लागून जाणाऱ्या नसा दुखावल्या तर ताठरता जाते. परत आलीच तर वर्ष-दोन वर्षंही लागतात. इंजेक्शनानं इच्छाच मावळते. यात पुरुषाचं मन फिरलेलं नसतं, पण बायकोला कुणी सांगितलंच नाही तर तिला तसंच वाटणार. घरोघर यानं अबोला धरलेला मी पाहिला आहे. गोळ्या मिळतात, मात्र त्या परस्पर आणू नयेत. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्यांना चालू आहे, त्यांचा रक्तदाब या गोळ्यांनी जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. बाजारच्या शक्तिवर्धक चूर्णांत काय असतं ते विकणाराही सांगू शकत नाही.

ज्यांनी रेडिएशन घेतलं, त्यांना कधी वर्ष-दोन वर्षांनी शौचातून रक्त जातं. आपण मूळव्याध समजून कुणाकडेही जातो. तिथं काहीही कापू-जाळू देण्याआधी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगावं, की माझं त्या जागी रेडिएशन झालेलं आहे.